दुसरं पेन

माणसाची खरी परीक्षा त्याच्याकडे कुणी उसने पैसे मागितले म्हणजे होते, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांकडे पैसे असावेत. आमच्यासारख्यांची परीक्षा त्याहून पुष्कळ स्वस्तात उरकते. कुठल्याही कचेरीत रांगेत उभे राहा. मागून खांद्यावर टिचकी पडते आणि आवाज येतो, "काका, जरा पेन देता?" शब्द मोजून चार. पण त्या चार शब्दांनी माझ्या पोटात जो गोळा येतो, तो मुलीच्या कन्यादानाच्या वेळीही आला नव्हता.

कारण सांगायलाच हवं. मला फाउंटन पेनांचा नाद आहे.

आमच्या कर्जतमध्ये नादिष्ट माणसांची वाण नाही. कुणाला भजनाचा नाद, कुणाला पत्त्यांचा, कुणाला ऐन पावसाळ्यात कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत चिखल तुडवत जाण्याचा. हे नाद चारचौघांत सांगता तरी येतात. "मला पेनांचा नाद आहे" म्हटलं की समोरचा आधी माझ्या खिशाकडे बघतो आणि मग डोक्याकडे. त्यातून आमचा जिल्हा रायगड. एकदा खोपोलीला एस.टी. स्टँडसमोर कुरिअरवाल्याची वाट बघत उभा होतो. एक जुना मित्र भेटला. "काय रे, कशाची वाट बघतोयस?" म्हणाला. मी म्हटलं, "पेनची." तो हळहळला. "अरेरे! पेण मघाशीच गेली. आता तासाभराने!" गणपतींसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावावर माझा राग नाही, पण या जिल्ह्यात राहून पेनावर प्रेम करणं म्हणजे रोज खुलासे देत बसणं आहे.

आम्ही शाळेत होतो तेव्हा शाईचं पेन ही चैन नव्हती, ती एक अडचण होती. आधी पाटी, मग बोरू, मग टाक आणि दौत, आणि मग एके दिवशी वडिलांनी हातात पेन ठेवलं की मुंज झाल्याइतका मान मिळे. पेन गळे. सगळ्यांचीच गळत. शर्टाच्या खिशाखाली निळं तळं साचलेलं नसलं तर त्या मुलाला शिक्षणाची गोडी नाही असा समज होता. ड्रॉपरने शाई भरायची, अर्धी पेनात, अर्धी बोटांवर. टीपकागद श्रीमंतांच्या घरचा. आम्ही निब डोक्याच्या केसांना पुसत असू. पुढे बॉलपेन आलं. गुरुजी म्हणाले, याने अक्षर बिघडेल. माझं अक्षर बिघडलं हे खरं, पण त्याला बॉलपेन जबाबदार नव्हतं एवढं मी त्या बिचाऱ्याच्या बाजूने सांगू शकतो.

आता निवृत्तीनंतर तेच शाईचं पेन अडचणीतून उठून चैनीत जाऊन बसलंय. हल्लीची पेनं बघा तरी! जर्मनांचं लामी कंपनीचं 'सफारी' नावाचं पेन आहे, १९८० सालचं. शाळेतल्या मुलांना बोटं नीट ठेवता यावीत म्हणून त्याची पकड तिकोनी केलेली. जपानच्या पायलट कंपनीने २०१३ साली 'काकुनो' काढलं. त्याच्या निबेवर चक्क हसरा चेहरा कोरलेला आहे. पेन सरळ धरलंत तर तो तुमच्याकडे बघून हसतो. दोन्ही पेनं पोरांसाठी काढलेली, आणि ती हौसेने घेणारे माझ्यासारखे, रात्री गुडघ्याला तेल चोळून झोपणारे! माझं सगळ्यांत लाडकं पेन मात्र पारदर्शक आहे. आत शाई हिंदकळताना दिसते. त्याची किंमत मी घरात पाचशे रुपये सांगितलेली आहे. हा लेख आमच्या कुटुंबाने वाचू नये अशी देवाजवळ प्रार्थना आहे.

या पेनात पाहण्यासारखं काय असतं, असं लोक विचारतात. निबेखाली एक जीभ असते. तिला बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शाई आपोआप निबेच्या चिरेपर्यंत येते आणि कागदाला टेकली की तिथे उतरते. पण गंमत अशी, की जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा वर जायला हवी. हवेला वाट मिळाली नाही तर शाई जागची हलत नाही. कर्जत लोकलचा हाच नियम आहे: आतल्यांनी उतरल्याशिवाय बाहेरच्यांना चढता येत नाही. फरक इतकाच, की पेनातली शाई आणि हवा एकमेकींना कोपर मारत नाहीत. पहिलं चांगलं फाउंटन पेन कोणी केलं यावर वाद होतील, पण हा देवघेवीचा हिशेब जमेपर्यंत सगळीच पेनं एक तर गळत होती किंवा रुसत होती.

पेनाचा नाद एकट्याने येत नाही, सासरची सगळी माणसं घेऊन येतो. चांगलं पेन साध्या कागदावर चाललं की शाई फुटते. प्रत्येक अक्षराला मिशा येतात. म्हणून चांगला कागद आला. चांगल्या कागदाला शोभेशी शाई हवी, म्हणून सात बाटल्या आल्या. आता मला बाटलीचा नाद आहे असं कुणी म्हटलं तर ते खोटं ठरवता येणार नाही. आणि यात नुसतं परदेशाचं कौतुक आहे असं समजू नका. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. आधी घोडा छाप, मग उंट. त्या उंटाच्या शाईवर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या पास किंवा नापास झाल्या. तिकडे जपानात ओसाकाला १९०५ साली कुरोदा नावाचे एक गृहस्थ हिशेबाच्या वह्यांना पुठ्ठे करून देऊ लागले, त्यांची कंपनी झाली कोकुयो. २०११ साली कोकुयोने कॅमलिनचा मोठा वाटा घेतला आणि आज त्यांचा कारखाना आमच्या शेजारी पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खोपोलीला १९१५ पासून डोंगरावरचं पाणी नळांतून खाली सोडून टाटांची वीज निघते. वीज काढून झाली की तेच पाणी पुढे पाताळगंगेला मिळतं. तेव्हा शाई-कागदाच्या बाबतीत आम्ही अगदीच अडाणी मुलखातले नाही!

एवढा सगळा सरंजाम जमल्यावर एके संध्याकाळी ही चहा घेऊन आली, टेबलाकडे पाहून म्हणाली, "छान आहे हो सगळं. पण लिहिणार काय?"

बायकांना तत्त्वज्ञान येत नाही असं म्हणणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं. मी बराच वेळ निब पुसत बसलो. पत्रं लिहावीत तर पत्राला उत्तर देणारी माणसं उरली नाहीत. रोजनिशी लिहावी तर रोज घडत काही नाही. अखेर त्या सुंदर, दुधासारख्या कागदावर, गर्द निळ्या शाईने मी लिहिलं: तूरडाळ एक किलो, साबुदाणा अर्धा किलो, हिंगाची डबी. वाण्याने ती यादी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काका, कशाला एवढा त्रास? व्हॉट्सॲपवर टाकायची ना!"

त्या रात्री मी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. भारी वस्तूची हौस करावी की करू नये? असा प्रश्न आपण मराठी माणसं थेट गांधीजींकडे नेतो. निकाल आपल्याविरुद्ध जाणार हे माहीत असूनसुद्धा नेतो. गांधीजींना बोरूची आवड. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी देशी बनावटीचं फाउंटन पेन करून पाठवलं, तेव्हा १९३५ साली वर्ध्याहून त्यांनी पसंतीचं पत्र पाठवलं खरं, पण ती पसंती देशीपणाला होती, चैनीला नव्हती. आणि नशीब बघा. २००९ साली माँ ब्लाँ कंपनीने त्याच गांधीजींच्या नावाने सोन्याची २४१ पेनं काढली. दांडीयात्रेचे मैल २४१, म्हणून पेनं २४१. एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर! मीठ उचलायला पायी गेलेल्या माणसाच्या नावाने! प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं आणि विक्री थांबली. याच गांधीजींची काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण आहे. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी पेन्सिलीचा एक एवढासा तुकडा हरवला म्हणून शोधत होते. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. ती त्यांना नको होती. मद्रासला एका लहान मुलाने प्रेमाने दिलेला तो तुकडा होता. तोच हवा होता, आणि तो सापडेपर्यंत त्यांनी चैन पडू दिलं नाही. म्हणजे वस्तूवर जीव जडणं त्यांनाही चुकलं नव्हतं. जडला होता तो कशावर, एवढाच फरक.

दुसरीकडे बाबासाहेब आंबेडकर. त्यांना उत्तम पेनांची मनापासून हौस होती. हे कळल्यावर मला केवढा धीर आला! पण त्यांनी त्या पेनांनी काय लिहिलं हे आठवलं, आणि मी साबुदाण्याची यादी हळूच घडी करून खिशात घातली.

तरी मी हौसेच्या बाजूनेच निकाल दिला. सुंदर वस्तू हातात धरून आनंद होणं यात पाप नाही. फुलांचा वास घेणाऱ्याला कुणी "पण पुढे काय करणार?" असं विचारत नाही. कागदावर निब सरकते तेव्हा तो जो बारीक आवाज येतो, तेवढ्यासाठी तूरडाळ लिहावी लागली तरी चालेल. निकाल देऊन मी शांत झोपलो. खटला चुकीच्या कलमाखाली चालला होता, हे पुढे कळायचं होतं.

कारण पापाची जागा चांगल्या पेनात नव्हतीच. ती दुसऱ्या पेनात होती.

माझ्याजवळ नेहमी दोन पेनं असत. चांगलं पेन जाकिटाच्या आतल्या खिशात, आणि दुसरं, पाच रुपयांचं बॉलपेन, शर्टाच्या वरच्या खिशात, सगळ्यांना दिसेल असं. हे दुसरं पेन म्हणजे द्यायचं पेन. रांगेत कुणी मागितलं की हसतमुखाने ते पुढे करायचं. परत आलं तर ठीक, नाही आलं तर पाच रुपयांत परोपकार. याला माझ्याकडे शास्त्राधारही होता: निब ही धन्याच्या हाताला वळते, परक्याने दाबून लिहिलं की तिची चीर फाकते, वगैरे. कर्जतला घाट चढायच्या आधी बऱ्याच गाड्यांना मागून इंजिनं जोडतात. गाडी वर ढकलण्याचे कष्ट मागच्यांनी करायचे, आणि डेक्कनच्या राणीचं नाव मात्र पुढच्याने मिरवायचं. मी म्हणे, तशीच ही व्यवस्था आहे. जगाचा घाट दुसऱ्या पेनाने चढायचा.

इथे थोडं मागे जावं लागेल. माझ्या लहानपणी आवणीच्या दिवसांत आमच्याकडे ठाकरवाडीची माणसं कामाला येत. आई त्यांना चहा करून देई. चहा तोच, साखर तेवढीच, हात आखडता नाही. पण मागच्या पडवीतल्या खिडकीत कान तुटलेले चार कप पालथे घातलेले असत. ते त्यांचे. मी मॅट्रिकला असताना माझ्या अंगात नवे विचार आले. त्या वयात येतात. मी आईशी जोरात भांडलो, समतेवर भाषण केलं आणि ते चारही कप आत आणून घरच्या कपांत मिसळून टाकले. आई काही बोलली नाही. कान नसल्यामुळे ते कप लगेच ओळखू येत आणि कुणाच्याच वाट्याला जात नसत. शेवटी पुढची चार वर्षं मीच बोटं भाजत त्यांतून चहा प्यायलो. ही हकीकत मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आलोय. तिच्यात मी चांगला दिसतो.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. कर्जतचा पाऊस, म्हणजे छत्री ही नुसती हातात धरायची वस्तू. एका कचेरीत, नाव घेत नाही, मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे ठाकरवाडीवरची एक म्हातारी. खिडकीतल्या कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने तो दोन बोटांनी मागे सरकवला.

"सही करते," ती म्हणाली.

"पेन आहे?" कारकून म्हणाला.

खिडकीशी पेन बांधायची दोरी होती. पेन नव्हतं. म्हातारी मागे वळली. मी तत्परतेने, हसतमुखाने, दुसरं पेन काढून दिलं. तिने ते कागदावर टेकवलं. उमटेना. तिने झटकलं, मी झटकलं, कारकुनाने झटकलं. कागदाला भोक पडायची वेळ आली, पण शाईचा ठिपका नाही. पेन ठार वाळलेलं होतं. कधीचं, देव जाणे. जे पेन आपण स्वतः कधी हातात धरत नाही ते वाळलंय हे आपल्याला कळणार कुठून?

आणि त्या क्षणी, समतेवर भाषण केलेला मी, अतिशय गोड आवाजात म्हणालो, "आजी, अंगठाच द्या की. लवकर होईल."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत न येणारं उत्तर दिल्यावर बाई जशा बघत, तसं. म्हणाली, "नातीनं शिकवलंय."

रांग गप्प होती. जाकिटातून माझ्या पारदर्शक पेनाची क्लिप बाहेर डोकावत होती आणि रांगेतली झाडून सगळी माणसं त्या क्लिपेकडे बघत होती असं मला वाटलं. माझा हात आतल्या खिशात गेला. तो मी नेला असं म्हणवत नाही. टोपण मी स्वतः काढलं. निब कुठल्या बाजूने धरायची ते दाखवलं. आणि डोळे मिटून घ्यावेत असं वाटत असताना बघत राहिलो.

तिने सही केली. एकेक अक्षर, काना देताना श्वास रोखून, वेलांटी देताना ओठ मुडपून. शेवटी वरची रेघ, डावीकडून उजवीकडे, शेत बांधून घ्यावं तशी. इतकं लक्ष देऊन त्या पेनाने मी एकही अक्षर काढलेलं नाही. पण कचेरीचा तो कागद! शाई फुटली. नावाला मिशा आल्या. कारकून म्हणाला, "हे पसरलं. पुन्हा करा." मला वाटलं ती वैतागेल. ती तर खूश झाली. दुसरी सही पहिलीपेक्षा ठळक केली, वाकून तिच्यावर फुंकर घातली, वाळल्याची खात्री केली, मगच कागद सोडला. मग पेन माझ्या हातात देत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, पण पोटच्या काळजीने म्हणाली, "बाबा, तुमचा पेन गळतोय. दुसरा घ्या. पाच रुपयाला मिळतो."

रांग हसली. मीही हसलो. दुसरा इलाज नव्हता.

घरी येऊन निब भिंगाखाली तपासली. काही झालेलं नव्हतं. धन्याच्या हाताचं ते शास्त्र निबेला ठाऊक नसावं. पण हातात भिंग तसंच राहिलं आणि मला मागच्या पडवीतली खिडकी दिसू लागली. कान तुटलेले कप मी घरात आणून मिसळले होते ते खरं. पण खिशात आणखी एक कप तयार करून ठेवला होता. द्यायचं वेगळं, आपलं वेगळं. आईला निदान माहीत होतं की ती कप वेगळे ठेवते. मी त्याला परोपकार म्हणत होतो.

हे सगळं मी हिला सांगितलं. फार प्रांजळपणे सांगितलं. प्रांजळपणातही आपण जरा बरे दिसतो. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासूबाईंच्या कपात चहा तरी गरम असायचा."

तेव्हापासून मी दुसरं पेन बाळगणं सोडलं. आता एकच पेन, वरच्या खिशात. कुणी मागितलं की तेच पुढे करतो. पण जग असं नतद्रष्ट, की हल्ली कुणी घेतच नाही. निब पाहिली की दचकतात. "नको काका, शाईचं आहे, सवय नाही," म्हणतात आणि पलीकडच्याकडे मागतात. तरुण पोरं तर मागतच नाहीत, त्यांचं सगळं मोबाइलवर होतं. जे कुणालाच नकोय ते हातावर घेऊन उभं राहण्याला औदार्य म्हणतात का, हा नवाच प्रश्न आता मला पडलाय, आणि तो गांधीजींकडे नेण्याचं मला धाडस होत नाही.

दिवाळीच्या आधी पुन्हा त्याच कचेरीत गेलो. माझा नंबर आला, कारकुनाने कागद पुढे केला, मी ऐटीत टोपण काढलं आणि निब टेकवली. उमटेना. शाई संपली होती. पेन पारदर्शक आहे, आरपार दिसतं. तरी दिसलं नव्हतं.

मागून खांद्यावर टिचकी पडली.

"बाबा, पेन पाहिजे?"

तीच म्हातारी. तिने कमरेची पिशवी सोडली. तिच्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, निळ्या टोपणाचं पाच रुपयांचं पेन होतं. मी सही केली. शाई फुटली नाही. माझ्यानंतर तिचाच नंबर होता, आणि हात पुढे करून ती त्याच पेनाची वाट बघत उभी होती. तिच्याजवळ दुसरं नव्हतं.

मी टोपण लावून परत दिलं.